खंडेनवमीचं खोबरेल

"…मग दोष कुणाचा, वस्ताद?"

वस्ताद चहावरची साय बोटानं बाजूला करत होते.

"गोळ्यांचा म्हणावा तर पेटी नवी फोडलेली. रायफलीचा म्हणावा तर एवढी जपलेली रायफल साऱ्या जिल्ह्यात नसेल. माझा म्हणावा तर… माझा कसा असेल? मी चाप ओढला. पुढं काहीच झालं नाही. यात मी काय केलं?"

"मग राहिलं कोण?"

"नशीब."

"हां…" वस्ताद म्हणाले आणि चहा प्यायले.

कार्तिकातली सकाळ होती. आमचा नेमबाजीचा क्लब पन्हाळ्याच्या वाटेवर, उसाच्या रानांना पाठ लावून उभा आहे. पत्र्याची एक शेड, समोर टार्गेटं, त्यांच्यामागं मातीचा उंच बांध. थंडीत पत्रा असा गार पडतो की कानटोपी काढायची हिंमत होत नाही.

मी क्लबचा जुना सभासद. माझा नेम असा, की मी आडवा झालो की शेजारच्या लेनमधला माणूस आधी आपल्या टार्गेटवरची भोकं मोजून ठेवतो. त्यामुळं गोळ्या झाडण्यापेक्षा बघायचं काम माझ्याकडं जास्त. त्या दिवशीही मी बघतच होतो.

वस्तादांशी वाद घालणारी पोरगी म्हणजे उत्कर्षा नेजदार. कागलकडची. हात दगडासारखा स्थिर आणि मान त्याहून ताठ. पोटावर झोपून, पॉइंट टू टूच्या रायफलनं पन्नास मीटरवर नेम धरायची. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

रविवारी पुण्याला राज्याच्या संघाची निवड होती. मागच्या वर्षी याच निवडीत तिची रायफल ऐन वेळी अडली आणि नाव हुकलं. यंदा तिनं घरात शब्द देऊन टाकला होता. नाव लागलं नाही, तर रायफल क्लबच्या कपाटात जमा. नेमबाजी बंद.

शब्द द्यायला काय, माणूस देऊन बसतो. निभवायची वेळ आली की घशाला कोरड पडते. तिला पडली होती. पण कबूल करेल ती नेजदारांची कसली!

वस्तादांचं पूर्ण नाव दस्तगीर शिकलगार. वस्ताद म्हणायचं ते कुस्तीतल्या गुरूला, आणि यांनी जन्मात लंगोट लावला नाही. तरी सारं कोल्हापूर त्यांना वस्तादच म्हणतं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणारी माणसं. आज्यानं तलवारी घासल्या, बापानं विळे-कोयते घासले आणि यांनी पोरं घासली. यांच्या हाताखालून गेलेली पोरं पार परदेशात जाऊन पदकं घेऊन आली. वस्ताद मात्र त्याच शेडमध्ये, त्याच लाकडी बाकावर.

"कधी अडती?" त्यांनी विचारलं.

"सकाळी."

"आणि दुपारी?"

"दुपारी चालते. एकदासुद्धा अडत नाही. म्हणून तर म्हणते, नशीब."

"नशीब दुपारी उठतं व्हय?"

मला हसू आलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी हसू चहात बुडवलं.

"अडलेल्या गोळ्या आणल्यास?"

तिनं एक छोटी डबी पुढं केली. आत न उडालेल्या गोळ्या होत्या. वस्तादांनी एक उचलली, खिशातून भिंग काढलं आणि गोळीचं बूड उजेडात धरलं.

ही गोळी मोठी मजेशीर असते. दिसायला करंगळीच्या पेराएवढी. हिला पेटवणारी दारू असते ती बुडाच्या कडेत, बांगडीत भरावी तशी. नळीमागं सरकणारा दांडा म्हणजे बोल्ट; त्यातली पिन पुढं येऊन त्या कडेवर टणकन बसली पाहिजे. मग गोळी सुटते. पिन हळू बसली, तर गोळी नुसती ऐकून घेते. करत काही नाही.

वस्तादांनी भिंग तिच्या हातात दिलं. "वण बघ."

"आहे की. पिन लागलीय."

"लागलीय. पर कशी?"

तिनं पुन्हा बघितलं. "…हलकी."

"हीच गोळी दुपारी घातली तर?"

"उडते. घालून बघितलीय."

वस्तादांनी गोळी डबीत ठेवून झाकण लावलं. "गोळी निर्दोष. सुटली ती."

"मी कधीपासून तेच सांगतेय वस्ताद! दोष कुणाचाच नाही. परवा रविवार आहे. निवड सकाळची आहे. पुण्यात इथल्यापेक्षा जास्त थंडी असणार. मला…" तिनं कपाटाकडं बघितलं. "मला तुमची रायफल द्या."

वस्तादांची रायफल आजवर कुणी मागितली नव्हती. मागायचं सुचलंही नव्हतं कुणाला.

"आणि नाही दिली तर?"

"तर मी पुण्याला जातच नाही. माझी आत्ताच जमा करून घ्या. कपाटात जागा आहे ना?"

"हाय की. एक खाच रिकामी हाय."

बोलून गेली खरी, पण 'जागा हाय' हे ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. माणसाला वाटत असतं, समोरचा 'छे, छे' म्हणेल. वस्ताद असल्या बाबतीत फार वाईट. ते कधी 'छे, छे' म्हणत नाहीत.

ते उठले. कपाटातून आपली रायफल काढली, बोल्ट उघडून आत डोळ्यानं बघितलं, बोटानं चाचपलं आणि तिच्यापुढं धरली.

"रिकामी. बघून घे आणि ने."

तिला खरंच वाटेना. "नेऊ?"

"ने म्हणलं की."

आता त्या रायफलीचं रूप सांगायलाच हवं. दस्त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. लाकडाचा रंग उडून गेलेला. पट्टा तीन ठिकाणी टाचलेला. उत्कर्षाची रायफल शेजारी उघड्या पेटीत पडली होती, नव्या नवरीसारखी झळझळीत. दस्त्याच्या लाकडाला पॉलिश, पोलादावर तेलाचा हात, बोल्टच्या मुठीवर कुंकवाचं बोट आणि त्यावर चिकटलेला झेंडूचा एक पाकळीएवढा तुकडा.

तिनं वस्तादांच्या रायफलीचा बोल्ट काढला, नळी उजेडाकडं धरली आणि मागून डोळा लावला. तिचं नाक आक्रसलं.

"वस्ताद… ही नळी कधी पुसली होती?"

"पावसाळ्याआधी."

"पावसाळ्या…" पुढचं तिनं गिळलं. "मी रोज पुसते. गज घालून, चिंधी पांढरी निघेपर्यंत. माझ्या नळीत बघा, आरसा आहे आरसा!"

"बघितलं मघाशी. लई चकाकतंय." वस्ताद म्हणाले. "झाड आता हिच्यातनं."

ती आडवी झाली. मनातून नाराज होती, पण आडवी झाल्यावर ती वेगळीच मुलगी होते. श्वास थांबला. पहिली गोळी सुटली. दुसरी. तिसरी. एकदाही अडली नाही. मी दुर्बिणीला डोळा लावला. टार्गेटवरच्या काळ्या गोलाच्या मधोमध एकच भोक होतं, जरा फाटल्यासारखं. तिन्ही गोळ्या त्यातूनच गेल्या होत्या.

ती उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि रागही होता. राग जास्त होता.

"हे कसं काय? ही एवढी घाण… माफ करा वस्ताद. पण ही घाण रायफल चालते, आणि माझी स्वच्छ रायफल अडते. या दोघींत फरक काय?"



वस्ताद फळीकडं गेले. तिथं त्यांच्या टाचांच्या भेगांसाठी खोबरेलाची बाटली असते. ती घेऊन आले. टोपण काढलं.

"हात पुढं कर."

तिनं ओंजळ पुढं केली. वस्तादांनी बाटली तिच्या ओंजळीवर उलटी धरली.

काही पडलं नाही.

"गोठलंय वस्ताद." ती हसली. "थंडी आहे ना. उन्हात ठेवायला पाहिजे. दुपारी होईल पातळ."

वस्तादांनी बाटली तशीच उलटी धरून ठेवली.

ती हसतच होती. मग हसू कमी झालं. मग ती बाटलीकडं बघत राहिली, पांढऱ्या घट्ट तेलाकडं… ओंजळ अजून तशीच होती.

"सकाळी…" ती हळूच म्हणाली.

वस्तादांनी बाटली सरळ केली.

"पप्पांनी खंडेनवमीला…"

तिनं ओंजळ मिटली.

मग सारं बाहेर आलं. मागच्या वर्षी घरात खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली. इतरांच्या घरी कोयता-कुऱ्हाड पुजतात, यांच्या घरी रायफल. वडिलांनी तिला देवघरातलं खोबरेल लावलं, कुंकू वाहिलं. पुढच्या महिन्यात निवड, आणि रायफल अडली. थोरल्या आत्या म्हणाल्या, पूजा कमी पडली असणार. वडिलांच्या मनाला ते लागलं. यंदा त्या माणसानं दोन्ही हातांनी पूजा केली. तेल ओतलं म्हणण्यासारखं लावलं. बोल्ट उघडून आतसुद्धा लावलं. आतसुद्धा कुंकू वाहिलं. म्हणाले, जिथनं गोळी सुटते तिथंच देव बसला पाहिजे.

"आणि तू?" वस्तादांनी विचारलं.

"मी नळी पुसते रोज. बोल्टला हात लावला नाही."

"का?"

"पप्पांच्या हातचं आहे ते." तिचा आवाज बारीक झाला. "सगळी भावकी म्हणायची, पोरीला कशाला बंदूक. ते एकटे माझ्या बाजूनं उभे राहिले. त्यांनी लावलेलं मी कसं पुसू?"

मी दुसरीकडं बघितलं. तिच्या ताठ मानेखाली एवढं काही असेल, असं मला वाटलं नव्हतं. तिला नुसती गर्विष्ठ म्हणून मी मोकळा झालो होतो.

वस्ताद बाकावर बसले. "बोल्ट काढ. खोल."

"मी?"

"मग काय मी? माझा बोल्ट मी पुसलाय."

तिनं रायफल बांधाकडं तोंड करून ठेवली, रिकामी असल्याची खात्री केली आणि बोल्ट काढला. वस्तादांनी तिच्यापुढं जुना दात घासायचा ब्रश, थोडं रॉकेल, फडकं आणि बांबूची एक तासलेली काडी ठेवली. लोखंडी काही दिलं नाही.

बोल्टमधून पिन बाहेर येताना अशी आली, जशी चिखलातून चप्पल. पांढुरका थर होता, आणि त्यात लालसर रेघा. तिनं ब्रशनं घासलं. फडकं लाल झालं.

"आता नळीचं मागलं तोंड." वस्ताद म्हणाले. "गोळीची कड जिथं टेकती ती पायरी. काडी फिरव."

"इथं तर काही दिसत नाही."

"दिसायचं न्हाई. फिरव."

तिनं काडी फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. काडीच्या टोकावर एक बारीक कडं निघून आलं. गोळ्यांवरचं मेण, काजळी, तेल आणि कुंकू यांची घट्ट वळी. तिच्या नखाएवढी असेल नसेल.

तेवढ्यावर गोळी टेकत होती. पायरीवर बसायची ती वळीवर बसायची, पिनेचा टोला बसला की मऊपणे पुढं सरकायची. आणि पिन तर आधीच गोठलेल्या तेलातून रांगत येत होती.

उत्कर्षा काडीकडं बघत राहिली. तिचे डोळे भरले.

"एवढ्याशानं…"

तिनं काडी उजेडात फिरवून बघितली.

"मागच्या वर्षीसुद्धा हेच असणार ना, वस्ताद?"

"असंल."

"मग मी पप्पांना काय सांगू? तुमच्या पूजेनं रायफल बंद पडली म्हणून?"

वस्तादांनी तिच्या हातातली काडी घेतली. टोकावरचं ते लाल अंगठ्यावर घेतलं. मग तिची झळझळीत रायफल पुढं ओढली आणि दस्त्याच्या लाकडावर, जिथं तिचा गाल टेकतो त्याच्या जरा खाली, अंगठा उठवला. नीट, हळू, देवाला लावावं तसा.

"आमच्या आज्याकडं खंडेनवमीच्या आदल्या दिशी हत्यारांची रांग लागायची." ते म्हणाले. "सगळ्यांची पूजा बघितली त्यानं. एकच सांगायचा. कुंकू कपाळाला लावत्यात, डोळ्यात घालत न्हाईत."

तिनं डोळे पुसले. मनगटानं, कारण बोटांना रॉकेल होतं.

पिन कोरडी झाली. बोल्टवर वस्तादांनी मशीनच्या तेलाचा एकच थेंब घालायला लावला, आणि तोही फडक्यानं परत पुसायला लावला. "घातलेलं पुसायचंच होतं तर घातलं कशाला?" असं मी विचारणार होतो. पण माझ्या नेमबाजीचा लौकिक लक्षात घेऊन गप्प बसलो.

"आता झाड."

ती आडवी झाली. पहिली गोळी. सुटली. दुसरी सुटली. तिसरी सुटली. त्या गार पत्र्याखाली प्रत्येक गोळी हाक मारल्यासारखी निघत होती. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मला दिसलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही उतरलं.

मग तिनं दुर्बिणीला डोळा लावला.

"वस्ताद…"

मीही बघितलं. गोळ्या सुटल्या होत्या खऱ्या, पण गेल्या होत्या तीन दिशांना. एक वर, एक डावीकडं, एक पार काळ्याच्या काठावर. लग्नातली वरात पांगावी तशा.

"आता हे काय!" ती उठली. चेहरा पांढरा झाला होता. "नळीत काहीतरी राहिलं असणार." तिनं पेटीतला लांब गज उचलला, टोकाला चिंधी लावायला घेतली.

वस्तादांनी गज धरला. ओढला नाही, नुसता धरला.

"काय करतीस?"

"पुसते परत. पांढरी निघेपर्यंत."

"पांढरी तर काल निघालीती."

"…हो."

"आणि परवा?"

"परवासुद्धा."

"मग आज पांगल्या का?"

गजाचं एक टोक तिच्या हातात, एक वस्तादांच्या. बांधावरून टिटवी ओरडत गेली.

"झाड पुन्हा." वस्ताद म्हणाले. "पुसू नको. नुसती झाडत रहा."

ती नाइलाजानं आडवी झाली. झाडत राहिली. मी दुर्बिणीतून बघत होतो. आधी काहीच फरक पडला नाही. मग एक गोळी मधे आली. मग एक बाहेर. मग दोन शेजारी-शेजारी. हळूहळू भोकं एकमेकांकडं सरकायला लागली, थंडीत शेकोटीपाशी माणसं सरकतात तशी. शेवटी शेवटी तर नवं भोक कुठं पडलं ते शोधावं लागत होतं.

तिनं रायफल उघडून खाली ठेवली. ती मात्र आडवीच होती.

"वस्ताद, नळीत काय असतं?"

"मागल्या गोळ्या."

"म्हणजे?"

"त्यांचं मेण, त्यांचं शिसं. जाताना थोडं थोडं लावून जात्यात. त्याच्यावरनं पुढली जाती."

"म्हणजे घाणच ना?"

"वाट." वस्ताद म्हणाले.

ती उठून बसली. कपाळाला माती लागली होती. "पण बोल्टमधलं पण मागचंच होतं. ते काढायला लावलंत. नळीतलं ठेवायला सांगता. मागचं ठेवायचं का काढायचं?"

"वाटंवर माती चालतीया, पोरी. उंबऱ्यावर न्हाई."

ती विचार करत राहिली. मीही करत होतो. माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागतो. तिच्या डोक्यात पडत असावा, कारण तिनं एकदम विचारलं,

"मी रोज रात्री मागची निवड डोक्यातून पुसून टाकायचा प्रयत्न करते. पूर्ण. जशी झालीच नाही. ती पण…?"

वस्तादांनी तिच्याकडं बघितलं.

ते उठले, तिचा गज घेतला, फडक्यानं पुसला आणि कपाटाकडं गेले. रिकाम्या खाचेत, जिथं तिची रायफल जमा व्हायची होती, तिथं त्यांनी गज उभा केला. कपाटाला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली.

"वस्ताद! माझा गज…"

"जमा करायचं म्हणत होतीस न्हवं कायतरी?" वस्ताद म्हणाले. "झालं जमा."

*

निवडीनंतरच्या मंगळवारी ती आली. मी बाकावर होतोच. मी नसतो कधी?

"रिकामी?" वस्तादांनी विचारलं. दारातून रायफल आत आली की पहिला प्रश्न हाच.

"रिकामी." तिनं उघडून दाखवली. मग म्हणाली, "नाव लागलं."

मी टाळी वाजवली. वस्तादांनी मान हलवली.

"अडली?"

"एकदाही नाही. बाकीच्यांना थंडीत हात चोळावे लागत होते. पहिली गोळी जरा लांब गेली. मी म्हटलं, जाऊ दे, वाट करतेय."

वस्तादांच्या मिशा जरा हलल्या. त्यांच्या हिशेबी ते खदाखदा हसणंच.

तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तो तिनं बाकावर ठेवला. पण ती बसली नाही. पिशवीत हात घालून तशीच उभी राहिली.

"काय गं?"

"पप्पांना सांगितलं, नाव लागल्यावर. काडीला काय निघालं ते."

"मग?"

"काही बोलले नाहीत. दोन दिवस झाले, गप्प आहेत. जेवायला बसतात आणि उठतात. काल आईला म्हणाले, पोरीचं मागचं वर्ष माझ्या हातानं गेलं." ती थांबली. "नाव लागलं आणि घरात सुतक असल्यासारखं आहे, वस्ताद. मी सांगायलाच नको होतं का?"

वस्तादांनी पेढ्यांचा पुडा सारून बाकावर तिला जागा केली.

"आज निघताना हे दिलं." तिनं पिशवीतून बाटली काढली. देवघरातली होती, टोपणाला कुंकवाचं बोट लागलेलं. "म्हणाले, आपल्या घरात खोबरेल नको आता. वस्तादांना दे, नाहीतर कुठंतरी टाक."

वस्तादांनी बाटली हातात घेतली. तिरकी केली. सकाळच्या गारठ्यात आतलं तेल पांढरं, घट्ट बसलं होतं. हललं नाही.

ते बराच वेळ बाटलीकडं बघत होते. तीही बघत होती. मीही.

बाहेर उसाच्या शेंड्यांवर ऊन आलं होतं. शेडच्या पायरीपर्यंत अजून पोचायचं होतं. वस्ताद उठले, बाटली घेऊन बाहेर गेले आणि बांधाच्या कडेला, जिथं ऊन पडलं होतं तिथं एका दगडावर ती ठेवली.

"वस्ताद, ते टाकायचं आहे…"

"बस थोडी." वस्ताद म्हणाले. "पातळ झालं की घरी ने, आणि बापाच्या टाळूवर घाल."